दारावरचा ओरखडा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोटार घेऊन गावी गेलो. मोटार नवी नव्हे, कोणाची तरी वापरून झालेली; पण रंग मात्र चांदीसारखा लखलखीत. विकणारे ज्याला ‘मेटॅलिक सिल्व्हर’ म्हणतात, तो. गावात शिरताना मनात थोडासा ताठा होता, हे कबूल करतो. ओसरीपुढे चिंचेच्या सावलीत ती उभी केली. जेवण झाले, दुपारची वामकुक्षी झाली आणि उठून पाहतो तो काय! पुढच्या दारावर, अगदी मधोमध, चार बोटे उंचीची दोन अक्षरे : ‘काका’.

अक्षरे सुरेख होती. वर शिरोरेषासुद्धा होती. माझी धाकटी पुतणी नुकतीच पहिली संपवून बसली आहे. गाडी काकांची, तेव्हा गाडीवर काकांचे नाव हवे, एवढाच तिचा सरळ हिशेब. लेखणी म्हणून तिने अंगणातली गारगोटी घेतली होती. गारगोटी ही काचेलादेखील चरा पाडते. तिच्यापुढे रंगाचा काय पाड!

दादांचा आवाज चढला तशी पोर गोठ्यात जाऊन बसली. पण खरी मौज पुढेच आहे. मी हातपाय धुवायला मागल्या दारी गेलो तेवढ्यात दादांनी, माझे नुकसान भरून काढावे या सद्‌हेतूने, चुलीतली राख ओल्या फडक्यावर घेतली आणि दार घासायला सुरुवात केली. “अहो, तो तांब्या नव्हे!” असे वहिनी म्हणेपर्यंत पाच-सात हात फिरले होते. राख मऊ लागते, पण तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. अक्षरे होती तशीच राहिली आणि त्यांच्याभोवती परातीएवढे धुके मात्र पसरले. म्हणजे पोरीने दोन अक्षरे लिहिली आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना पार्श्वभूमी करून दिली!

आपणांपैकी काही जण म्हणतील, मोटारीचे हे चोचले आम्हांला कशाला सांगता? पण आजच्या खेड्यात पाहा. दारोदार मोटारसायकल आहे, आणि तिच्या टाकीवर पुष्कळदा हाच चमचमता रंग असतो. कोणी भाड्याने फिरवायला जीप घेतली आहे, कोणा गुरुजींनी निवृत्तीच्या पैशातून छोटी मोटार घेतली आहे. बाभळीची फांदी, उसाच्या ट्रॉलीचा कोपरा, गुराचे शिंग ही तर रोजची वाटचाल. ओरखडा उठला म्हणजे माणूस दोन टोकांना जातो. एक तर हाताला लागेल ते घेऊन घासत सुटतो, नाही तर ‘असू दे’ म्हणून सोडून देतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथे गंजाचे पोपडे उचलताना पाहतो. मी स्वतः अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. रंगातले मला ओ की ठो कळत नव्हते. जे कळले ते तालुक्याच्या गावच्या एका रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींकडून, आणि नंतर आमच्या महाविद्यालयातल्या रसायनाच्या प्राध्यापकांशी चहाच्या वेळी झालेल्या गप्पांतून.

मिस्त्रींनी दार पाहिले, हसले, आणि काही न बोलता तांब्याभर पाणी दारावर ओतले. आणि काय सांगू, दादांचे धुके नाहीसे झाले! शिरोरेषा गेली, दोन्ही ‘क’ची पोटे गेली. राहिल्या फक्त चार उभ्या रेघा. मी खूष झालो. “थांबा सर, वाळू द्या,” मिस्त्री म्हणाले. पाणी वाळले तसे सारे पुन्हा उगवले.

ही जादू नव्हे. नदीतला गोटा आठवा. पाण्यात तो रंगीत, चमकदार दिसतो. घरी आणून वाळला की पांढुरका, निस्तेज. गोट्याचा रंग कुठे जात नाही. त्याच्या खरखरीत अंगावरून उजेड चोहोबाजूंना विखुरतो आणि आपल्याला पांढुरकेपणा दिसतो. पाण्याने ती खरखर भरून निघते, उजेड सरळ आत जातो आणि आतला खरा रंग घेऊन परत येतो. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. न्हाणीघराच्या खिडकीला असते तशी धुरकट काच आणि चार थेंब पाणी, एवढ्यावर भागते. काचेच्या खरखरीत बाजूवर पाणी लावले की तेवढ्यापुरती ती आरपार होते.

आता दारावर हे का घडते? कारण आपण ज्याला मोटारीचा रंग म्हणतो, तो एक थर नसून चार थर असतात. खाली पोलादी पत्रा, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. पत्र्यावर पहिला थर गंज रोखणारा. कारखान्यात अख्खा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने तो चढवतात. त्यावर प्रायमर, बहुधा करड्या रंगाचा. त्यावर खरा रंग. आणि सर्वांत वर बिनरंगी, काचेसारखे पारदर्शक लॅकर. हे सारे थर मिळून जाडी किती? मिलिमीटरचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून थोडी अधिक; म्हणजे वहीचे दीड पान म्हणा! त्यात पारदर्शक थर अर्ध्या पानाएवढा, आणि ज्याच्यासाठी आपण पैसे मोजले तो चांदीचा रंग तर सर्वांहून पातळ, मिलिमीटरच्या हजार भागांपैकी पंधरा-वीस भाग.

तर पाण्याने जो ओरखडा दिसेनासा होतो, तो फक्त वरच्या पारदर्शक थरात असतो. खालचा रंग शाबूत असतो. आणि जो पाण्यातही दिसत राहतो, तो खोल गेलेला असतो. यानंतर दुसरी परीक्षा नखाची. बोटाचे नख ओरखड्यावर आडवे, हलक्या हाताने ओढावे. अडले नाही तर जखम वरवरची. अडले तर चरा खोल, तो घासून जायचा नाही. तिसरी परीक्षा डोळ्याची. चऱ्याच्या तळाशी करडे किंवा पांढरे दिसले तर प्रायमर उघडा पडला आहे. धातूची चमक किंवा तांबूस ठिपका दिसला तर प्रकरण पत्र्यापर्यंत गेले. डॉक्टर जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषध लिहितो, तसेच हे आहे. दादांनी नाडी न पाहता औषध दिले होते.

एक चौथी गोष्टही होते, ती विसरू नका. कित्येकदा तो ओरखडा नसतोच. भिंतीचा चुना, दुसऱ्या गाडीचा रंग किंवा डांबराचे ठिपके आपल्या रंगावर येऊन बसलेले असतात. गाडी धुऊन झाल्यावर स्वच्छ सुती फडक्यावर थोडे टर्पेंटाइन घेऊन हलकेच पुसले की ते पुष्कळदा निघून येतात. मात्र आधी दाराच्या आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी करून पाहावे. थिनर मात्र चुकूनही वापरू नये. गाडी आधी गॅरेजमध्ये रंगवलेली असेल तर तो रंगच विरघळवील. आणि ही कामे चुलीपासून, विडीपासून लांब करावीत, हे सांगायला नकोच.

आमच्या ‘काका’ची नाडी अशी निघाली. शिरोरेषा, पोटे आणि राखेचे धुके हे सारे वरवरचे. चारांपैकी पहिल्या दोन उभ्या रेघा पारदर्शक थरातच, पण नखाला जरा अडणाऱ्या. तिसरी करडी. आणि शेवटचा काना? लिहिणारीला ‘झाले एकदाचे’ असे वाटले असावे, तिने वरून जोर देऊन तो खाली ओढला होता. त्याच्या डोक्याशी तांदळाच्या दाण्याएवढा पत्रा उघडा पडला होता.

वरवरच्या भागाला उपाय सोपा. दार प्रथम भरपूर पाण्याने धुवायचे, कारण धुळीचा एक कण फडक्याखाली राहिला तरी तो नवी अक्षरे लिहीत जातो. मग सावलीत, दार थंड असताना, रबिंग कंपाउंड वाटाण्याएवढे मऊ फडक्यावर घेऊन, वीतभर जागेत, बेताच्या दाबाने फिरवायचे. हे कंपाउंड म्हणजेसुद्धा घासणारे बारीक कणच, पण एकसारखे आणि राखेच्या मानाने फारच बारीक. ओरखड्याच्या धारदार कडा ते झिजवून गोल करते. कडा गेल्या की उजेड विखुरत नाही, आणि ओरखडा डोळ्यांना दिसत नाही. मागून त्याहून बारीक पॉलिश, आणि शेवटी मेण. दंतमंजनाची पेस्ट लावतात म्हणून आपण ऐकले असेल. तिच्यातही घासणारी पूड असते, म्हणून अगदी पुसट रेघेवर ती थोडे काम करते. यापलीकडे तिच्यात गुण नाही.

पण लक्षात ठेवा, घासणे म्हणजे कमी करणे. अर्ध्या पानाच्या थरातून आपण दर वेळी थोडे खरवडून घेत असतो, आणि हाच थर खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करतो. दर दिवाळीला गाडी चकचकीत घासणारे हौशी लोक आठ-दहा वर्षांनी टपावर पांढरे चट्टे पाहतात ते का, हे आता आपल्या ध्यानात येईल. दाराच्या कडा आणि उठावाच्या रेघा यांवर तर थर आणखीच पातळ असतो. तिथे हात जपून.

आता खोल रेघांकडे वळू. इथे चांदीचा रंग आपले खरे रूप दाखवतो. पांढरी जीप असती तर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून मोकळे झालो असतो. हा रंग तसा नाही. यात ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक, चपटे कपटे मिसळलेले असतात. कारखान्यात फवाऱ्याने रंग बसतो, वाळताना आटतो, आणि हे कपटे पाण्यावर पडलेल्या पानांसारखे बहुतेक सपाट निजतात. प्रत्येक कपटा म्हणजे एक इवलासा आरसा. म्हणून समोरून पाहिले तर दार उजळ आणि तिरके पाहिले तर काळसर दिसते. आता तोच रंग, त्याच डब्यातला, काडीने किंवा ब्रशाने लावला, तर कपटे वाकडेतिकडे उभे राहतात, जाड थरात बुडतात. रंग तोच, पण आरसे वेगळ्या दिशेला. म्हणून ठिगळ समोरून गडद दिसेल आणि बाजूने फिकट. म्हणजे दोष रंग बनवणाऱ्याचा नसून कपट्यांच्या निजण्याचा आहे. ज्या रंगात ॲल्युमिनियमऐवजी अभ्रकाची पूड असते, त्या मोतिया रंगाची तऱ्हा याहून अवघड.

म्हणूनच गॅरेजवाले एवढ्याशा ओरखड्यासाठी ‘पूर्ण दार मारावे लागेल’ म्हणतात. ते फसवतात असे नेहमीच समजू नये. ठिगळ दिसू नये म्हणून रंग फवाऱ्याने कडेला विरळ विरळ करीत न्यावा लागतो, कधी शेजारच्या पत्र्यावरही थोडा उतरवावा लागतो, आणि वरचे लॅकर तर दाराच्या कडेपर्यंत न्यावेच लागते. चांगल्या कारागिराचे हे काम, पैसे पडतात.

पण ते करावे का? इथे माझ्यातला अर्थशास्त्राचा मास्तर जागा झाला. कारखान्यात पहिला थर दीडशे अंशांहून अधिक उष्णतेत भाजून पक्का करतात. तयार गाडीला, तिच्यात रबर आणि प्लॅस्टिक असताना, तेवढी आच देताच येत नाही. गॅरेजात फार तर साठ-सत्तर अंश. तेव्हा दार संपूर्ण घासून नवे रंगवायचे म्हणजे वीतभर जखमेसाठी साऱ्या दाराचे मूळचे कातडे सोलायचे. शिवाय गाडी विकायला काढली तर हल्ली घेणारे रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र घेऊन येतात. एका दाराची जाडी दुप्पट भरली की ‘अपघात केव्हा झाला?’ म्हणून विचारतात. दार चेपले असेल, पापुद्रे सुटले असतील तर गोष्ट निराळी. नुसत्या ओरखड्यासाठी मी तरी दार रंगवणार नाही. ओरखडा दिसला तर दिसू दे. गंजू देऊ नये, एवढेच माझे मागणे.

आणि गंजाची घाई होती. मृग पंधरा दिवसांवर आला होता. पत्रा उघडा पडला की पाणी आणि हवा मिळून लोखंडाचा गंज होतो, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. पण गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, हे आपण विसरतो. ओरखड्यातून शिरलेला गंज रंगाच्या खालून पसरतो आणि फुगून रंगाला वर उचलतो. मग पोपडा दिसतो तो रुपयाएवढा आणि आतले घर निघते तळहाताएवढे. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे फारच लवकर होते. काही गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो; जस्त आपण झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण आपल्या गाडीला तो आहे म्हणून निर्धास्त राहण्यात शहाणपण नाही.

मिस्त्रींनी गाडीवरचा रंगाचा क्रमांक शोधून दिला. तो दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. ‘चांदी’ एवढेच सांगून दुकानदाराकडे जाऊ नये. चांदीचे पुष्कळ प्रकार असतात. त्या क्रमांकाची टचअपची छोटी बाटली, तशीच लॅकरची आणि थोडे प्रायमर मी शहरातून मागवले. तोपर्यंत चार दिवस उघड्या पत्र्यावर काय लावावे? वहिनींच्या माहेरच्या मुलीकडची नखांना लावायची बिनरंगी बाटली कामी आली. हे नखपॉलिश नायट्रोसेल्युलोजचे लॅकर असते; आणि १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर अमेरिकेत जो ‘ड्युको’ नावाचा झटपट वाळणारा रंग आला, तोही नायट्रोसेल्युलोजचाच. त्याआधी मोटार ब्रशाने रंगवून वाळवायला आठवडेच्या आठवडे जात. असो. नखपॉलिश हा चार दिवसांचा पाहुणा. खरे काम करताना ते खरवडून काढावे.

काम सुरू करायच्या दिवशी मी गोठ्याकडे जाऊन पुतणीला बोलावले. ती चार दिवस माझ्यासमोर येत नव्हती. मी ओसरीवर असलो की ही परसात. म्हटले, “बाई, मला एक मदतनीस पाहिजे.” रंगाच्या बाटलीत ॲल्युमिनियमचे कपटे जड म्हणून तळाशी बसतात. बाटली चांगली हलवली नाही तर वरचे नुसते पाणचट येते. तिला म्हटले, बाटली हलव आणि शंभरपर्यंत मोज. तिने दोनदा मोजले. एकोणऐंशीनंतर एकदा अडली, पण अडली तरी हात थांबला नाही.

मी आधी चऱ्यातली घाण स्पिरिटने पुसली. मेणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही, बारीक डोळे पडतात. तांबूस दिसू लागलेला ठिपका काडीच्या टोकाला गुंडाळलेल्या बारीक वॉटर पेपरने, स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत खरवडला. गंजावरून रंग लावणे म्हणजे चोराला आत घेऊन कडी लावणे. मग उघड्या पत्र्यावर काडीच्या टोकाने प्रायमरचा थेंब. वाळल्यावर रंग. बाटलीच्या झाकणाचा ब्रश जाडा असतो, तो वापरू नये. दात कोरायची काडी बरी. चऱ्याच्या आत रंग सोडायचा, बाहेर फासायचा नाही. एक जाड थर देण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन-तीन पातळ थर. रंग वाळला की अगदी मंद दिसतो. घाबरू नये, त्याची चमक वरच्या लॅकरमध्ये असते. लॅकर तसेच थेंबाथेंबाने, आजूबाजूपेक्षा किंचित उंच.

हे सारे कोरड्या हवेत करायचे. पावसाळी दमट दिवशी लॅकर लावले तर ते पांढुरके पडते. कारण माठासारखेच : पातळ द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. उन्हात तापलेल्या दारावरही लावू नये. तिथे ते पसरण्याआधीच वाळते. आणि बाजारात दोन औषधे मिसळून मारायचे कडक लॅकर मिळते, त्याच्या फवाऱ्याच्या वाटेला घरी जाऊ नका. त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या द्रव्याने जन्माचा दमा जडू शकतो, आणि नाकाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. त्या कामाला तसाच मुखवटा आणि तशीच जागा लागते.

लावलेला रंग आठवडाभर तरी अंगठ्याने दाबून पाहायचा नाही, घासायचा तर नाहीच. आमच्या दादांना हे सांगणे सर्वांत अवघड गेले.

शिरोरेषा गेली, पोटे गेली, धुके गेले. पहिल्या दोन उभ्या रेघा शोधल्या तर सापडतात. तिसरी समोरून दिसत नाही, बाजूने फिकट दिसते. आरसे वाकडे बसले, दुसरे काय! पावसाळा गेला, शेवटच्या कान्याच्या डोक्याशी गंजाचा ठिपका नाही. दिवाळीला गावी गेलो तेव्हा संध्याकाळचे तिरके ऊन दारावर पडले होते. पुतणी धावत आली, आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहिले, आणि बोट बरोबर त्या रेघेवर ठेवून म्हणाली, “काका, एक काना राहिला.”